मॉलमध्ये आलेलं वारं

ढोलाचा आवाज कानावर आला की सत्यशीला आधी हात लपवायची. दोन्ही हात पदराखाली घ्यायचे, बोटं एकमेकांत अडकवायची आणि टाचा जमिनीत रुतवून उभं राहायचं. लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो, नाहीतर निवडून आलेल्या सरपंचाची हलगी असो, बाई आपली खांबासारखी. तरी लोकांचे डोळे तिच्याकडंच. कुणी हळूच हळदीची वाटी पुढं सरकवायचं, कुणी लिंबू शोधायला पळायचं. पाथर्डीकडच्या त्या सगळ्या वाडीवस्त्यांना ठाऊक होतं, लंकाबाईच्या सुनेच्या अंगात देवी येते.

आता खरं काय ते सांगूनच टाकतो, उगाच कुणाला टांगून ठेवण्यात मला गंमत वाटत नाही. तिच्या अंगात कधीच काही आलं नव्हतं. बाईला नाचायचं वेड होतं, एवढंच. पुणतांब्याची पोर, गोदावरीच्या घाटावर धुणं आपटतानासुद्धा ठेका धरायची. शेजारच्या बाया म्हणायच्या, अगं सत्ये, कपडे धुतीस का वाजवतीस? लग्न होऊन कोरडवाहू मुलखात आली आणि पाचव्याच दिवशी घरी गोंधळ ठेवला. संबळ असा काही कडाडला म्हणता, की डोक्यावरचा पदर कधी घसरला आणि आपण कधी उठलो, हे तिचं तिलाच कळलं नाही. नवी नवरी, सासरचा मांडव, समोर सगळे मोठे दीर आणि चुलत सासरे बसलेले, आणि ही केस सोडून नाचतेय!

लंकाबाईचं, म्हणजे तिच्या सासूचं, तोंड पांढरंफटक पडलं. आता काय सुनेचा उद्धार होतो, असं वाटत असतानाच मागून कुणा म्हातारीनं हाळी दिली, "वारं आलं! अगं बयो, वारं आलं!" झालं. लंकाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनंच पुढं होऊन सुनेच्या कपाळाला मळवट भरला. सत्यशीलानं डोळे उघडले तेव्हा सगळा मांडव तिच्या पायाशी वाकलेला होता. निर्लज्ज सून व्हायचं की देवी, हे तिनं तिथल्या तिथं ठरवायचं होतं. पोरीचं वय ते काय! गप्प बसली. तुम्ही-आम्ही असतो तरी गप्पच बसलो असतो.

आणि तेव्हापासून बाई अडकली ती अडकलीच. दर मंगळवारी अंगणात माणसं, तिला आईसाहेब म्हणत पाया पडणारी. पोरीचं लग्न कधी जमेल, बोअरला पाणी लागेल का, यंदा उसतोडीला कुठल्या मुकादमाच्या टोळीबरोबर जावं. ती आपली समजुतीचं काहीतरी सांगायची, त्यातलं काही खरं व्हायचं, आणि नाव आणखी लांब जायचं. तिनं केस कापायचे नाहीत. कुणाच्या घरी उष्टंमाष्टं चालायचं नाही. मोठ्यानं हसायचं तर मुळीच नाही, कारण देवी हसली म्हणजे कुठंतरी काहीतरी वाईट होणार, असा गावानं परस्परच अर्थ लावलेला. अंगणात नागपंचमीला बायका फेर धरायच्या तेव्हा हिला पाटावर बसवून ठेवायच्या. जिच्या पायात नाच होता तिलाच तेवढी नाचायची बंदी, काय म्हणावं याला? मंगळवारची गर्दी पांगली की देव्हाऱ्यातल्या टाकापुढं ती डोकं टेकायची आणि पुटपुटायची, आईसाहेब, तुझ्या नावानं खोटं बोलतीय, पोटात घाल. देवीवर तिचा जीव होता, ढोंगी बाई नव्हती ती. म्हणून तर ते खोटं तिला जास्तच चावायचं.

या सगळ्यात तिनं एकच गोष्ट हट्टानं धरली होती. तिची लेक आरती सहावी पास झाली होती आणि जूनपासून तिला नगरला, सावेडीत मामाकडं शिकायला ठेवायचं, हे सत्यशीलानं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. शाळा चांगली आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण तिच्या एकटीच्या पोटात होतं. पोरगी अभ्यासाला बसली की पेन्सिलीनं दप्तरावर ठेका धरायची. भाकरी होईपर्यंत ताटावर बोटं नाचवायची. आईचेच हात आणि आईचेच पाय घेऊन आली होती ती. गावात राहिली तर आज ना उद्या कुणाच्या तरी नजरेत भरणार, आणि मग पुन्हा कुणीतरी मागून हाळी देणार.

मे महिन्यात लंकाबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला करायचं ठरलं. तेवढ्याच निमित्तानं तिघी आरतीच्या मामाच्या, कल्याणच्या, फ्लॅटवर येऊन राहिल्या. कल्याण सत्यशीलाचा धाकटा भाऊ, एमआयडीसीत कामाला. आरतीच्या शाळेचा प्रवेशही त्यानंच करून ठेवला होता. ऑपरेशन झालं, म्हातारीला काळा गॉगल लागला, आणि रविवारी कल्याण म्हणाला, "चला, घरात बसून कंटाळलात. नवा मॉल दाखवतो."

सरकता जिना पाहून लंकाबाईनं खालीच बसकण मारली. "मला न्हाई त्या चालत्या पायऱ्यांवर चढायचं. माझं मी इथंच बसते, तुमी जावा फिरून." कल्याण तिच्याजवळ थांबला आणि मायलेकी वर गेल्या.

वरच्या मजल्यावर पोरांसाठी खेळांची मशिनं होती. गाड्यांची, बंदुकीची, चेंडू टाकायची. कोपऱ्यात एक मशिन होतं त्याला प्लॅस्टिकचे दोन-दोन उभे ढोल लावलेले. दोघांनी शेजारी उभं राहून खेळायचं. समोर पडद्यावर रंगीत ठिपके वरून खाली यायचे. लाल आला की डाव्या ढोलावर थाप, पिवळा आला की उजव्यावर, हिरवा आला की टाळी. गाणी सगळी कुठल्या तरी सातासमुद्रापलीकडची. तुताऱ्यांसारखं काहीतरी वाजत होतं, मधेच बाप्ये ओरडत होते, आणि खाली थापांचा असा काही सडा पडत होता की आरती जागच्या जागी उड्या मारायला लागली.

"आई, मामानं कार्ड दिलंय. चल ना, दोघी खेळू."

"मी? येडी का गं तू?" सत्यशीलाचे हात आपसूक पदराखाली गेले.

"इथं कुणी ओळखतंय का आपल्याला? चल गं."

सत्यशीलानं इकडं तिकडं पाहिलं. खरंच कुणी ओळखीचं नव्हतं. कॉलेजची पोरंपोरी, पॉपकॉर्न खाणारी लेकरं. आणि ते गाणं! त्यात ना देवीचं नाव, ना जोगवा, ना उदो. एक शब्द कळत नव्हता. या गाण्याचा अर्थ लावून कुणी आपल्या पाया पडणार नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिनं हात बाहेर काढले.

पहिल्यांदा सगळ्या थापा चुकल्या. आरती खिदळली. मग हिचा हात बसला. लाल, पिवळा, पिवळा, टाळी. ठिपके बघायची गरजच उरली नाही, हात आपले आपण जायला लागले. ते परमुलखातलं गाणं तिला कळलं, चांगलं पोटातून कळलं. कंबर हलली, टाच उचलली गेली, अंबाडा सुटून पाठीवर आला. किती वर्षांनी बाई मोठ्यानं हसली! मागं पोरं जमली. कुणीतरी ओरडलं, "काकू, लई भारी! एक नंबर!" काकू म्हणाले ते. आईसाहेब म्हणाले नाहीत. एवढ्याशा गोष्टीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबले नाहीत. शेजारी आरती, तीही केस उडवत, नजर पडद्यावर खिळवून, आईच्या थापेला थाप देत होती. त्या घटकेला त्या दोघींएवढं सुखी माणूस नगर जिल्ह्यात दुसरं नसेल.

आणि नेमकी तेव्हाच लिफ्ट उघडली. खाली एसीनं म्हातारीला हुडहुडी भरली होती, म्हणून कल्याण तिला घेऊन वर आला होता. काळ्या गॉगलातून लंकाबाईला काय दिसलं? धूसर लाल-हिरवा उजेड, कडाडणारे ढोल, आणि त्यापुढं केस सोडलेली सून. बिचारीला दुसरं काय सुचणार होतं! "वारं आलं!" म्हणून ती तशीच धावली आणि चकचकीत फरशीवर सुनेच्या पायाशी पालथी पडली. पोरं हसायला लागली. एकानं मोबाईल काढला.

"आत्याबाई, उठा. वारं न्हाई आलं. ही गेम हाय, पोरांचा खेळ," सत्यशीला तिला उठवत म्हणाली. तिला धाप लागली होती.

पण लंकाबाईचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. गाणं अजून संपलं नव्हतं आणि आरती अजून वाजवत होती. केस तोंडावर, डोळे ताठ. म्हातारीनं गॉगल वर केला, नुकता उघडलेला तो डोळा बारीक करून नातीकडं पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले.

"पोरीला बी आलं," ती म्हणाली. "माय माझी, पोरीला बी आलं."

त्या संध्याकाळी फ्लॅटवर लंकाबाईनं मुलाला, म्हणजे सत्यशीलाच्या नवऱ्याला, आदिनाथला फोन लावला. जीप घेऊन ये, आरतीला घरी न्यायचंय, पुनवेला तिला माळ घालू. माळ घालायची म्हणजे कवड्यांची माळ गळ्यात, परडी हातात, आणि पोरगी देवीची झाली. मग तिच्या केसाला फणी लागायची नाही आणि दप्तर माळ्यावर जायचं. म्हातारीच्या बोलण्यात दुष्टावा असता तर भांडता तरी आलं असतं. ती तर आनंदानं रडत होती. सुनेपाठोपाठ नातीलाही देवीनं जवळ केलं, याच्याहून मोठं भाग्य तिला माहीतच नव्हतं.

सत्यशीला लेकीजवळ जाऊन बसली. आरती गॅलरीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"आई, मला खरंच काय झालंय का? मी तर नुसती खेळत होते."

"काय न्हाई झालेलं तुला."

"अन् तुला? तू पन खेळतच होतीस ना?"

"व्हय गं बाई. मी पन खेळतच होते."

पोरीनं सुस्कारा सोडला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. साऱ्या जगात ही एकटीच आपल्याला ओळखते, असं सत्यशीलाला वाटलं, आणि तिनं ठरवलं. आता बास. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं. मला निर्लज्ज म्हणू देत, ढोंगी म्हणू देत, मंगळवारची माणसं तोंडावर थुंकू देत. देवीच नव्हती म्हटल्यावर लेकीच्या अंगात तरी ती कुठून येणार?

सकाळी आदिनाथ आला. जीप खाली उभी केली. चहा झाला, आणि सत्यशीला सगळ्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"मला एक सांगायचंय. माझ्या अंगात कधीच देवी आली न्हाई. त्या दिवशी गोंधळात मी नाचले. मला नाचावं वाटलं म्हणून नाचले. तुमी समदे पाया पडलात अन् मला भ्याव वाटलं, म्हनून मी बोलले न्हाई. इतकी वर्सं बोलले न्हाई. चुकलं माझं. पर पोरीचा यात काय संबंध न्हाई. तिला शाळेत जाऊ द्या."

मग कल्याण, तिचा सख्खा भाऊ, कसनुसा चेहरा करून म्हणाला, "ताई, असं नको ना बोलू. हा फ्लॅटसुद्धा तुझ्या कौलानं घेतलाय मी."

"अरे, तो मी अंदाजानं सांगितला होता!"

"अंदाज कसा? बरोबर निघाला की."

आता बोला! सत्यशीलानं कपाळाला हात लावला. आणि लंकाबाई? ती चिडली नाही. ती भ्याली. उठली, सुनेपुढं पदर पसरला. "आईसाहेब रुसल्या. मॉलमधल्या पोरांनी हसून इटाळ केला, म्हनून रुसल्या. आमची परीक्षा बघू नका माय. पोरीला आजच नेते. आजच माळ घालते, पुनवेची वाट बगत न्हाई."

म्हणजे खरं बोलून पुनवेपर्यंतची सवड होती तीही गेली. खोटं बोलली की लोक ऐकत होते, खरं बोलली की पाया पडत होते.

ती स्वयंपाकघरात गेली. मागोमाग आदिनाथ आला. दार अर्धं लोटून खाली मान घालून उभा राहिला.

"मला ठाव हाय," तो म्हणाला.

"काय ठाव हाय?"

"पहिल्या दिवसापासनं ठाव हाय. तू नाचत हुतीस. मी समोरच बसलो हुतो, मला दिसलं. लई ग्वाड नाचत हुतीस."

इतक्या वर्षांत या माणसानं तिच्या नाचाचं कौतुक पहिल्यांदा केलं आणि ते असं. तिला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं.

"मग बोलला का न्हाई तुमी कधी?"

"काय बोलू? तुझ्या शब्दावर लोकांनी पोरी दिल्या, हिरी पाडल्या. जत्रा भरवली. आता त्यांना सांगू का, माझी बायको नुसती नाचत हुती? मला बी गावात ऱ्हायचंय. तुला बी ऱ्हायचंय."

"अन् आरती?"

त्यानं जीपची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. बाहेर लंकाबाई आरतीला हाका मारत होती.

सत्यशीला बाहेर आली तेव्हा आरती दिवाणखान्याच्या मधोमध पाटावर बसलेली होती. आजीनं तिची वेणी सोडली होती आणि आता ती पोरीच्या कपाळाला मळवट भरत होती. पोरीचा चेहरा हळदकुंकवानं ओळखू येईना. ती हुंदके देत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती आईकडं बघत होती. कल्याण दाराशी आरतीची पिशवी घेऊन उभा. आता पाच मिनिटांत जीप निघणार आणि सगळं संपणार, हे सत्यशीलाला स्वच्छ दिसलं. खऱ्याचा उपयोग संपला होता. या घरात फक्त एकाच बाईचं ऐकलं जाणार होतं.

तिनं अंबाड्याचा काटा ओढून काढला.

संबळ नव्हता, हलगी नव्हती, गाणं नव्हतं. कुठं एक टाळीसुद्धा वाजत नव्हती. गोंधळात तरी आपोआप घडलं होतं. आज तिनं स्वतःच्या हातानं केस सोडले, स्वतःच्या हुकमानं अंग झोकून दिलं. मान गरागरा फिरली. घशातून असा आवाज काढला की तो तिचाच आहे यावर तिचाही विश्वास बसेना.

"लंके!"

सुनेनं सासूला नावानं हाक मारली. म्हातारीच्या हातातलं तबक खाली पडलं.

"आईसाहेब!"

"त्या पोरीला उठव पाटावरनं. कुनी सांगितलं तुला तिच्या कपाळाला हात लावायला? ती माझी न्हाई."

"चुकलं माय. पर ती वाजवत हुती… मी बगितलं…"

"लेकरू खेळत हुतं. लेकरू खेळू बी नये का? ऐक लंके, अन् तू बी ऐक आदिनाथ. ही पोर शिकंल. हितंच ऱ्हाईल. हिनं गावं, वाजवावं, नाचावं, वाटंल ते करावं, हिच्यापुढं कुनी हळद सांडायची न्हाई. हिला कुनी माळ घातली तर तुमच्या घराकडं मी फिरून बघनार न्हाई."

लंकाबाई जमिनीवर आडवी झाली. रडत रडत म्हणाली, "न्हाई घालत. पर मग आमी कुनाकडं बघायचं? ही सून तर म्हनती, तू तिच्यात न्हाईसच. तू कुठं जाशील?"

सत्यशीला घुमत होती. हा प्रश्न येईल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. उत्तर मात्र एकच होतं. आदिनाथ भिंतीला टेकून उभा होता, त्याला ते आधीच कळलं आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

"कुठं जानार न्हाई," ती म्हणाली. "ही सत्यशीला लई बोलती. मी हिच्यात न्हाई म्हनती. हिनं कितीबी सांगू दे, हिचं ऐकायचं न्हाई. मी हिला सोडनार न्हाई. मरस्तोवर सोडनार न्हाई."

मग ती दमून जमिनीवर बसली. लंकाबाईनं पदरानं तिचा घाम पुसला. कल्याणनं आरतीची पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. जीप खाली होती ती तिघांनाच घेऊन जाणार होती, पोरीला नाही. ज्यासाठी केलं ते झालं होतं. सत्यशीलानं केसांच्या आडून लेकीला शोधलं. नजरेला नजर मिळाली असती तर एक डोळा मिचकावून तिला सांगायचं होतं, की मी खेळतेय गं, कालच्यासारखीच.

आरती पाटावरून उठली होती. कपाळावरचं कुंकू तिनं बाहीनं पुसलं. मग ती हळूहळू पुढं आली, आईपासून चार हात लांबच थांबली, तिथंच गुडघ्यावर बसली आणि हात जोडून तिनं डोकं जमिनीला टेकवलं. पोरगी भीतीनं नखशिखांत कापत होती.

सत्यशीलाला तिला ओढून कुशीत घ्यायचं होतं. पण लंकाबाई शेजारीच होती आणि बघत होती, आणि देवी काही कुणाला कुशीत घेत नसते. तिनं हात लांब केला आणि लेकीच्या डोक्यावर ठेवला, मंगळवारी सगळ्यांच्या डोक्यावर ठेवायची तसा.